अमेरिकेच्या वाट्या

आम्ही ज्या वाट्या करायचो त्या कुत्र्यांच्या होत्या, हे मला बरेच महिने माहीतच नव्हतं.

भाईंदर पूर्वेला, आमच्या खारी गावाच्या पुढे, स्टीलच्या भांड्यांचे गाळे होते. एकाला एक चिकटून. एका गाळ्यात पत्रा कापायचे, दुसऱ्यात प्रेसवर दाबून आकार द्यायचे, तिसऱ्यात पॉलिश. पॉलिशवाली माणसं संध्याकाळी बाहेर पडली की तोंडं काळी, फक्त डोळे नि दात दिसायचे. मी पॅकिंगला होते. पॅकिंग म्हणजे नुसतं खोक्यात भरायचं नाही. पॉलिशचा काळा मेणचट थर गरम पाण्यात, सोड्याने धुवायचा. मग वाटी लाकडाच्या भुशात घोळवायची, म्हणजे पाण्याचे डाग पडत नाहीत. मग मलमलच्या फडक्याने पुसायची, ट्यूबलाइटखाली धरून ओरखडा बघायचा, आणि मग कागदात गुंडाळायची. सोड्याने बोटांची सालं निघायची. भुसा छातीत जायचा. स्टीलची धार कधी तळव्यात शिरली कळायचं नाही, फडकं लाल झालं की कळायचं. पण बसून काम होतं, डोक्यावर पंखा होता, आणि खारीतून चालत जाता यायचं. मला ते चांगलं वाटायचं. आजही चांगलंच वाटतं.

त्या आधी आमचे हे खाडीत रेतीच्या होडीवर जायचे. आम्ही रत्नागिरीकडचे, पाण्याची भीती नाही. बुडी मारून बादलीने रेती काढायची, होडी भरायची, मग पाट्या वाहून खाली करायची. एक दिवस पाट्या वाहताना फळीवरून पाय सरकला आणि कंबर गेली. बरे झाले, पण वजन उचलता येईना. तासभर उभं राहिलं की पाय बधिर. तेव्हा मोठी मुलगी चौथीत, धाकटी बालवाडीत. मी पदर खोचला आणि गाळ्यात गेले. रडत बसायला वेळ नव्हता असं लोक म्हणतात. वेळ होता, पण रडून उपयोग नव्हता.

मला गाळ्यात नेलं आमच्या घरमालकिणीने. तिच्या घरामागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहायचो. ती खारीतली जुनी, आगरी. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तिची जमीन बिल्डरने घेतली होती, मुलगे आपापल्या कामाला, घरात बसून तिला कंटाळा यायचा. म्हणून तीही पॅकिंगला बसायची. तोंड सतत चालू.

वाटीबद्दल पहिली शंका तिनेच काढली. वाटी तोंडाला अरुंद, बुडाला पसरट, खाली रबराची रिंग.

"अगो, अशी वाटी कुनाच्या घरात पाह्यलीस का तू? यात वरन घेतला तर बोटं कशी जातील?"

"तिकडे टेबलावर जेवतात मावशी. सरकू नये म्हणून असेल."

"सरकायला त्यांचा टेबल काय उतारावर हाय?"

ओरखडा पडलेला माल परदेशी जात नसे. दिवाळीला शेठ त्यातल्या चार-चार वाट्या आम्हाला द्यायचा. मी घरी ह्यांना त्यात आमटी वाढायचे. एकदा शेठची सून गाळ्यात आली. गुजराती, पण कॉलेज शिकलेली, आम्ही तिला भाभी म्हणायचो. माझ्या डब्याशेजारी ती वाटी बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"बेन, इसमें खाते हो? ये तो उधर कुत्ते का है!"

सगळ्या बायका हसायला लागल्या. मावशी मात्र हसली नाही.

"म्हंजे तिकडचा कुत्रा स्टीलमधी जेवतो? आन आमच्या सासूनं मला धा वर्षं जर्मलच्या ताटात वाढलंन!"

संध्याकाळी मी घरी घाबरत सांगितलं. पुरुषाच्या मनाला लागेल असं वाटलं. हे आमटी पीत होते. वाटी खाली ठेवली, बघितली, परत उचलली.

"आमटीला माहीत आहे का ते?" म्हणाले, आणि संपवली.

तर अशा वाट्या. बोटीत बसून अमेरिकेत जायच्या. एकच गिऱ्हाईक होतं, तिकडचा एक म्हातारा. त्याच्या कामावर आमचा गाळा चालायचा. बाकी फुटकळ डबे, झाकणं, पण पगार निघायचा तो म्हाताऱ्याच्या वाट्यांवर.

दसऱ्याला गाळ्यात पूजा असायची. मशिनी धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, प्रेसला, पॉलिशच्या मोटारीला हळदकुंकू. आणि त्या दिवशी झालेला पहिला माल ताटात ठेवून त्यालाही बोट लावायचं. हे आमचं पहिल्यापासून चालत आलेलं. एरवी त्या वाट्या गाळ्यातच राहायच्या. त्या वर्षी काय झालं, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी माल बंदरावर जायचा होता. टेम्पो दारात उभा. पूजेच्या वाट्या अजून देवासमोर, प्रत्येकीवर हळदीचं नि कुंकवाचं बोट.

मुकादम ओरडला, "भरा, भरा!"

आकडा भरायला त्याही लागत होत्या, आणि भरायच्या तर पुसायला हव्यात. पण कुंकू कोण पुसणार? आमच्यात सवाशीण बाई कुंकू पुसत नाही. शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही. मी मावशीकडे बघितलं, मावशीने पलीकडच्या बाईकडे बघितलं. माझा नवरा आधीच कंबर मोडून घरी बसलेला, मी तर हात लावणारच नव्हते.

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "देवाचा हाय. बोटीला काय व्हनार न्हाय."

ते सगळ्यांना पटलं. वरच्या थराला, कुंकवासकट, वाट्या भरल्या. मला तर बरं वाटलं. एवढ्या लांब जायचं, समुद्रातून, तर अंगावर कुंकू असावं.

दिवाळी गेली, थंडी आली. एक दिवस शेठ गाळ्याच्या मधोमध उभा राहून ओरडायला लागला. तिकडून फोन आला होता.

"पेटी में जंग निकला! लाल-लाल जंग! स्टील में जंग!"

पॉलिशवाल्यांना शिव्या, पत्रा देणाऱ्याला शिव्या. पत्रा अस्सल आहे का म्हणून लोहचुंबक लावून बघितलं. आम्ही धुतलेल्या मालावर पाणी राहतं का ते बघितलं. पूजेचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शेठ गंज म्हणत होता, म्हणून आम्हीही गंजच शोधत होतो.

मग भाभीने आम्हाला खरं काय ते सांगितलं. म्हाताऱ्याच्या बापाचा तिकडे ह्याच वाट्यांचा कारखाना होता. इकडे स्वस्त पडतं म्हणून म्हाताऱ्याने तो बंद करून काम आम्हाला दिलं. आता तो म्हणत होता, इकडचा माल असा गंजणार असेल तर मी परत माझ्या गावातच बनवतो. कारखान्याची इमारत अजून उभी आहे. तो स्वतः येऊन गाळा बघणार होता आणि मग ठरवणार होता.

त्या दिवसापासून गाळ्यात दुसरा विषय नाही. अमेरिकेचं काम अमेरिकेत परत जाईल का, ह्यावर आम्ही भुशात हात घालून वाद घातलाय.

पॉलिशवाला भैया म्हणाला, "उधर पॉलिस पे कौन बैठेगा? गोरा आदमी काला होगा क्या?"

"मशिनी ठेवतील," मुकादम म्हणाला.

"मशिनीला पगार नको, दिवाळी नको," एक बाई म्हणाली.

मावशी म्हणाली, "त्याच्या बापाचा काम हाय. मना माझी जमीन कोनी परत दिलीन तर मी घेनार न्हाय का? घेईनच. तो पन घेल."

 मलाही तसंच वाटत होतं. काम गेलं तर मला दुसरं काय होतं? घरी आणून खोट्या दागिन्यांचे मणी ओवायचे, त्यात दोन वेळचं भागत नाही. नाहीतर मीरा रोडला नव्या बिल्डिंगींत भांडी घासायची, चार घरं धरायची, आणि मुली घरी एकट्या. मोठीला मी शाळेतून काढणार नव्हते. हे मनाशी पक्कं होतं. बाकी काय करायचं ते ठरत नव्हतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तो येऊ दे तर खरा. आजच कशाला जेवण टाकतेस?"

म्हातारा आला तो सकाळीच. शेठने आम्हाला पांढऱ्या टोप्या आणून दिल्या होत्या, अंबाड्यावर बसत नव्हत्या. मावशीने ती आडवी ठेवून वर पिन मारली. ती पोस्टमनसारखी दिसत होती. म्हातारा उंच, वाकलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. साहेबासारखा नव्हता, कामाच्या माणसासारखा होता. प्रेससमोर बराच वेळ उभा राहिला. पॉलिशच्या चाकाजवळ गेला, शेठ "धूल, धूल" करत होता, पण तो मागे सरला नाही. मग भाभीबरोबर बाजूच्या गल्लीत गेला. प्रेसचा साचा, म्हणजे डाय, बनवणारा, खोकी बनवणारा, रबराच्या रिंगा आणणारा, सगळं बघून आला.

मग आमच्या टेबलाशी आला आणि पिशवीतून वाटी काढली. वाटीच्या पोटावर तांबडा ओघळ, खाली पिवळसर.

 मी वाकून बघितलं. मावशी तर ओरडलीच.

"अगो बाय! हा तर कुंकू! आपल्या दसऱ्याचा कुंकू! गंज न्हाय ओ, कुंकू हाय!"

भाभीने त्याला इंग्रजीत समजावलं. बराच वेळ समजावत होती, मध्येच स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवलं. म्हाताऱ्याचा चेहरा काही हलला नाही. त्याला पटलं नसावं. मलाही पटलं नसतं. कुणी भांड्याला टिळा लावेल, आणि ते भांडं तसंच समुद्रापार पाठवेल?

शेठ घामाघूम. "पोंछ के दिखाओ ना! पोंछो!"

फडकं माझ्या हातात होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. एकीनेही हात पुढे केला नाही.

"क्या हुआ? पोंछो!"

"शेठ, कुंकू है," मी म्हटलं. "हम लोग पोंछते नहीं."

भाभीला कळलं. तीही लग्न झालेली बाई. तिनेही हात मागे घेतला. शेठचं डोकं फिरलं, तो स्वतः फडकं ओढायला लागला, तर मावशीने त्याचा हात धरला.

"शेठ, तुमच्या बायकोच्या कपालाला कुंकू हाय ना?"

शेठने हात सोडला.

आमचं सगळ्यांचं काम त्या एका वाटीवर अडकलेलं, आणि वाटी कुणी पुसेना. मला घरी बसलेले हे दिसत होते, मोठीचं दप्तर दिसत होतं. मग सुचलं. पूजेची भांडी आपण पुसत नाही, पण पाणी घालून विसर्जन तर करतो. मी वाटी घेतली, कपाळाला लावली, आणि धुण्याच्या हौदावर धरून मगभर पाणी सोडलं. हात लावला नाही. नुसतं पाणी. आणखी एक मग. तांबडं पाणी हौदात उतरलं, पिवळं उतरलं. थोडी रेघ राहिली ती सोड्याच्या पाण्याने गेली. मग भुशात घोळवली, आणि कोरी झाल्यावर मग फडकं मारलं. ट्यूबलाइटखाली धरली. म्हाताऱ्याने माझ्या हातातून घेतली, नखाने घासली, नाकाला लावली, परत ट्यूबलाइटखाली धरली. स्टील स्वच्छ होतं.

आम्हाला वाटलं आता हसेल. तो स्टुलावर बसला. भाभीला हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

भाभी म्हणाली, "ये बोल रहे हैं, जंग होता तो अच्छा था."

"आं?" मावशी म्हणाली.

शेठने चहा मागवला. म्हातारा आमच्याच टेबलाशी बसून चहा प्यायला, आणि भाभी त्याचं बोलणं आम्हाला सांगत गेली. गंज निघाला असता तर त्याला घरच्या लोकांना सांगायला कारण मिळालं असतं. बघा, तिकडचा माल टिकत नाही, आपण परत चालू करू. त्याच्या मनात ते कधीपासून होतं. पण इथे येऊन, गल्ली फिरून त्याला कळलं म्हणे. एक गाळा उचलून नेता येईल. पण वाटी एका गाळ्यात होत नाही. डायवाला शेजारी, रिंगवाला मागे, खोकेवाला समोर, टेम्पो दारात. त्याच्या गावातही एकेकाळी असंच होतं. आता प्रेस विकले, पॉलिशवाले म्हातारे होऊन गेले, त्यांची मुलं शहरात गेली. इमारत आहे, पण माणसं कुठून आणायची? आणि दुकानवाला तर वाटीला दमडी जास्त द्यायला तयार नाही.

"मशिनी लावल्या तर?" मुकादमाने विचारलं.

लावता येतील, म्हणाला. काही माल तसा होईलही कधीतरी. पण मशिनीवर चार माणसं लागतील. गाव काही परत येणार नाही.

मला एक विचारावंसं वाटलं. मी कधी साहेबलोकांसमोर बोलले नव्हते. पण तो स्टुलावर बसला होता, मीही स्टुलावर.

"भाभी, इनको पूछो, उधर पॅकिंग में कौन बैठता था?"

तो माझ्याकडे बघून बोलला. बायकाच बसायच्या. त्याची आईसुद्धा बसायची, लग्नाच्या आधी. त्याच टेबलावर बापाने तिला पहिल्यांदा बघितली.

"मग त्या बायका आता काय करतात?"

बऱ्याच वारल्या, म्हणाला. काही दुकानात कामाला लागल्या. त्या दुकानात हीच वाटी विकतात.

 मी फडक्याची घडी घालत बसले. माझ्यासारखीच कुणीतरी बाई, तिच्या बोटांचीही सालं निघत असतील. तिच्या हातचं काम माझ्याकडे आलं. मी काही ओढून आणलं नव्हतं, पण आलं होतं. ते मी तेव्हा पहिल्यांदा असं समोर बसून बघितलं.

म्हातारा भाभीला म्हणाला, हिला विचार, ही माझ्या जागी असती तर काय केलं असतं?

मावशीने टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला. मला कळलं काय बोलायचं ते. पण खोटं तोंडाला येईना.

"मी त्यांच्या जागी असते तर नेलं असतं," मी म्हटलं. "नुकसान झालं असतं तरी. पण मी माझ्या जागी आहे, आणि मला काम पाहिजे. माझ्या घरात दुसरं कुणी कमावत नाही."

भाभी थोडी घुटमळली. पण तिने सगळं सांगितलं असावं, कारण म्हाताऱ्याने मान डोलावली. कप ठेवला, आमच्या सगळ्यांकडे बघून काहीतरी म्हणाला आणि शेठबरोबर केबिनमध्ये गेला.

"काय बोलला?" आम्ही भाभीला विचारलं.

"चाय अच्छी है बोला."

"ह्या बायनं कामाचा काटा काढलान," मावशी मला म्हणाली. "खरं बोलायला तुला आजचाच दिवस गावला?"

"चिमटा काढला नसतास तर गप्प बसले असते."

"म्हंजे आता माझ्यावर ढकल!"

दिवसभर आम्ही धूत होतो, पण कुणाचं लक्ष नव्हतं. सुटायच्या वेळेला शेठ बाहेर आला. तोंडावरून काही कळेना. हात वर केला आणि मराठीत बोलला. तो मराठी फक्त दसरा-दिवाळीला बोलायचा.

"काम राहिला. पण पूजा मशीनला करायचा. मालाला नाय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने टोपी काढून फेकली, ती भुशात पडली. भाभी मला बाजूला घेऊन म्हणाली, म्हाताऱ्याने केबिनमध्येही सांगितलं की मन अजून तिकडेच आहे, पण मनावर कारखाना चालत नाही. एखादी लहान वस्तू तिकडे करून बघणार होता, आपल्या समाधानासाठी. ती झाली की नाही, मला पुढे कळलं नाही. आमच्या वाट्या मात्र मोठी मुलगी दहावी होईपर्यंत चालल्या. पुढे शेठने गाळा विकला, काम दुसरीकडे गेलं. अमेरिकेत नाही, आणखी कुठेतरी. मी दुसऱ्या गाळ्यात डब्यांना लागले. तिथेही सोडाच, तिथेही भुसा. काही वाईट झालं नाही.

त्या संध्याकाळी मी खारीत आले तर हे दारातच, भिंतीला टेकून उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे, एक पाय उचलून धरला होता.

"काय झालं?"

"राहिलं."

त्यांनी पाय खाली टेकला. मग आत जाताना विचारलं, "आणि त्याचं?"

"त्याचं नाही जमलं."

"म्हातारा माणूस आहे ना? जेवला का काही?"

"शेठने हॉटेलात नेलं."

"बरं केलं," म्हणाले, आणि चुलीवरच्या भाताचं झाकण काढायला वाकले. वाकताना हात कंबरेवर गेला. मी म्हटलं, तुम्ही बसा. ते म्हणाले, नाही, आज मी वाढतो. मुली हात धुऊन बसल्या. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून त्या शाळेतल्या कुठल्याशा मास्तरणीची नक्कल करत हसत होत्या. मीही बसले. बोटांची सालं निघाली होती म्हणून गरम भात कालवताना झोंबत होतं, पण भूक चांगली लागली होती.